हिरवा बोकड

गाडीची जाहिरात लिहायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री चार पानं झाली. बायकोने वाचली आणि म्हणाली, "हे स्थळ सुचवल्यासारखं लिहिलंयस. मुलगी सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, आणि पुढे दोन पानं तिच्या आजारपणांची." दुसऱ्या रात्री सगळं खोडून आठ ओळी ठेवल्या, तर त्या एखाद्या दलालाने लिहिल्यासारख्या दिसायला लागल्या. तिसऱ्या रात्री मधलं काहीतरी जमलं: १९६८ची पाँटिअॅक जीटीओ, दोन दारांची हार्डटॉप, चार गिअर, रंग व्हर्डोरो ग्रीन, इंजिन ४०० क्युबिक इंचाचं, त्याच सालचं, पण या गाडीबरोबर जन्मलेलं नाही.

ते शेवटचं वाक्य टाकू नकोस असं तीन मित्रांनी बजावलं होतं. त्या एका वाक्याने किंमत कित्येक हजार डॉलर खाली येते, हे मलाही ठाऊक होतं. तरी टाकलं. त्यात प्रामाणिकपणा थोडा आणि जुना राग जास्त होता. रागाचं पुढे सांगतो.

जीटीओला इथले लोक लाडाने 'गोट' म्हणतात. नावातली तीन अक्षरं मागेपुढे करून एक पदरचं घातलं की इंग्रजीत बकरा होतो. आमच्या घरात पहिल्या दिवसापासून तिचा 'बोकड' झाला. गाडी स्त्रीलिंगी, बोकड पुल्लिंगी, त्यामुळे 'बोकड धुतला पण ती अजून ओली आहे' अशी वाक्यं आमच्याकडे सर्रास चालतात. एका दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार घातला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हार घातलेल्या बोकडाचं पुढे काय होतं माहितीये ना?"

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. वूडवर्ड अॅव्हेन्यू घरापासून दहा मिनिटांवर. हा रस्ता डेट्रॉइटच्या मध्यातून निघतो आणि पाँटिअॅक नावाच्या गावापर्यंत सरळसोट जातो. गावाचं नाव ओडावा जमातीच्या एका सरदाराचं, आणि तेच पुढे गाडीचंही झालं. साठच्या दशकात पोरं रात्री या रस्त्यावर सिग्नलला गाड्या लावून शर्यती करायची, आणि पोरांच्या गर्दीत मोटार कंपन्यांचे इंजिनिअरही आपल्या गाड्या घेऊन मिसळायचे. आता १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ड्रीम क्रूझ भरते. फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून लोक दिवसभर जुन्या गाड्या बघत बसतात. पालखी बघायला बसावं तसे, फक्त इथे तुळशीच्या वासाऐवजी पेट्रोलचा धूर.

मसल कार म्हणजे काय, असं सांगलीहून भावाने विचारलं होतं. मी म्हणालो, मास्तरांच्या घरातल्या साध्या गाडीत ट्रकचं इंजिन बसव, की झाली मसल कार. ही व्याख्या फार चुकीची नाही. १९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून बाहेर काढलं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. त्यातल्या पाँटिअॅक विभागाचा मुख्य इंजिनिअर होता जॉन डिलोरियन. त्याने आणि त्याच्या माणसांनी टेंपेस्ट लेमान्स या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन बसवलं आणि पळवाट काढली: हे नवं मॉडेल नाहीच, जुन्या मॉडेलवर जादा पैसे भरून मिळणारं 'ऑप्शन' आहे. नव्या मॉडेलला वरच्या साहेबांची परवानगी लागायची, ऑप्शनला लागत नव्हती. ५,००० खपतील असा अंदाज होता, १९६४ या पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. नाव चक्क फेरारीकडून उचललेलं. जीटीओ म्हणजे 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो', त्या इटालियन शब्दांचा अर्थ होतो 'शर्यतीसाठी मान्यताप्राप्त'. ज्या कंपनीने शर्यतीला बंदी घातली तिच्याच गाडीवर हे नाव! सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला या डोक्याचं कौतुक वाटेल.

माझी गाडी त्यानंतर चार वर्षांची. १९६८ला जीटीओचं रूप पार बदललं, पुढचं नाक तर बघण्यासारखं झालं. तोवर गाडीला बंपर म्हणजे क्रोमची चकचकीत पट्टी. यांनी गाडीच्याच रंगाचं, एन्ड्युरा नावाच्या रबरासारख्या पदार्थाचं अख्खं नाक बसवलं. जाहिरातीत त्यावर हातोडा मारून दाखवायचे, आणि काही होत नसे. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या. म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही.

मी ती घेतली २००९ साली. त्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने पाँटिअॅक बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि १ जूनला कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. आमची कंपनी त्यांना सुटे भाग पुरवायची, त्यामुळे आमच्याकडे आठवड्याचे तीनच दिवस काम उरलं होतं. उरलेले चार दिवस घरात बसून बायकोच्या फोडण्यांवर टीका करण्यापेक्षा काहीतरी हाताला हवं, असं तिचंच म्हणणं पडलं. मिशिगनच्या नकाशात अंगठ्यासारखा एक भाग आहे. तिथल्या एका शेतावर, ताडपत्रीखाली, ही उभी होती. लाल रंग, पुढची दोन चाकं विटांवर, मागच्या सीटवर उंदरांची बाळंतिणीची खोली. साडेचार हजार डॉलर. विकणारा म्हणाला, "इंजिन ओरिजिनल ४००."

पाँटिअॅकची एक सोय फार चांगली आहे. कारखान्याच्या बिलांच्या नोंदी 'पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस'कडे जपलेल्या आहेत, गाडीचा नंबर कळवून पैसे भरले की प्रत मिळते. मी मागवली. पहिली बातमी चांगली होती. नंबर २४२ने सुरू होत होता, म्हणजे गाडी खरंच जीटीओ, २३७ने सुरू होणारी लेमान्स रंगवून केलेला तोतया नव्हे. दुसरी बातमी: गाडी मुळात लाल नव्हतीच. व्हर्डोरो ग्रीन. दाराच्या बिजागरीमागे पॉलिश पेपर मारला तर लालच्या खाली पांढरा प्रायमर, त्याखाली निळा, आणि सगळ्यात तळाशी हिरवा. बायकोने बोट ठेवून सांगितलं, "चुड्याचा हिरवा आहे हा." तेव्हापासून मी रंग समजावताना तेच सांगतो, अमेरिकन माणसांनासुद्धा.

तिसरी बातमी शेजारच्या आजोबांनी दिली. ते पाँटिअॅकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आमची मुलगी त्यांना 'इंजिन आजोबा' म्हणायची. पाँटिअॅकची व्ही-एट इंजिनं बाहेरून सगळी सारखी दिसतात. ३५० असो, ४०० असो की ४५५, ठोकळा तोच, फरक पोटात. ओळखायचं कसं, तर उजव्या बाजूला हेडच्या खाली, ठोकळ्याच्या पुढच्या तोंडावर दोन अक्षरं ठोकलेली असतात, आणि मागे डिस्ट्रिब्युटरपाशी ओतकामाचा नंबर असतो. आजोबांनी वायर ब्रशने ग्रीस खरवडलं, चष्मा कपाळावर चढवला, बॅटरी तिरकी धरली, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मुला, हे ३५० आहे. सत्तरच्या दशकातलं." मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा होतो.

हाच तो जुना राग. विकणाऱ्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. पण मी चार वर्षं ४०० क्युबिक इंचाचा ठोकळा शोधत हिंडलो. शेवटी ओहायोतल्या नॉरवॉकला पाँटिअॅकवाल्यांचा मेळा भरतो, तिथल्या जुन्या भागांच्या बाजारात मिळाला. १९६८चाच, ओतकामाची तारीखही जुळणारी. फक्त १९६८पासून कारखान्यात इंजिनवर त्या त्या गाडीचा नंबर ठोकायला लागले होते, आणि या ठोकळ्यावर दुसऱ्याच कुणाचा नंबर होता. तिथेच एकाने हळूच विचारलं, घासून तुमचा नंबर ठोकून हवाय का? पाचशे डॉलर. जुन्या पंचेसचा संच आहे माझ्याकडे, कुणाला कळणार नाही. मला मोह झाला नाही असं नाही. पण त्या माणसाच्या हाताकडे बघितलं आणि ताडपत्रीखालचा तो शेतकरी आठवला. नको म्हटलं.

आता गंजाबद्दल. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. गाडीच्या पोटाला ते मीठ चाळीस वर्षं लागत राहिलं की पत्र्याची पापडी होते. डिकीचा तळ हाताने तुटला. मागच्या पंखांचे खालचे कोपरे म्हणजे नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, पत्रा नावालाच. मागच्या काचेच्या कडेला, जिथे पाणी साचतं, तिथे पेचकस आरपार गेला. पॅनेल बाजारात नवी मिळतात, पण ती बसवताना दार आणि पंख यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी यायला हवी. ती फट एकसारखी करण्यात माझे दोन हिवाळे गेले. दोन! नवी कोरी असताना ती कधीच एकसारखी नव्हती, असं इंजिन आजोबा सांगायचे. सोमवारच्या गाड्यांची फट वेगळी, शुक्रवारच्यांची वेगळी.

नाकाने तर रडवलं. एन्ड्युराला साधा रंग चालत नाही, लवचीकपणा येण्यासाठी त्यात वेगळं औषध मिसळावं लागतं. ज्याच्याकडे रंगवायला दिलं त्याने ते मिसळलं नाही, किंवा कमी मिसळलं. पहिल्याच थंडीत नाकावर कोळ्याचं जाळं उमटलं. तो म्हणाला, तुमच्या गॅरेजमध्ये थंडी जास्त असणार. मी सगळं खरवडून पुन्हा दुसरीकडे दिलं. दुसऱ्याने नीट केलं, पण नाकाचा हिरवा अंगाच्या हिरव्यापेक्षा अगदी किंचित उजळ आला. मी चिडलो. आजोबा खूश झाले. म्हणाले, कारखान्यातून अशाच यायच्या, आता ही खरी दिसते.

या सगळ्याची मी नोंद ठेवत होतो. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बसच्या पोटाखाली शिरलेले दोन पाय, ही माझी त्यांची सगळ्यात जुनी आठवण. त्यांची शिस्त अशी, की काय खोललं, कुठला वायसर कुठे होता, आटे कसे होते, सगळं त्याच दिवशी वहीत. "डोक्यात ठेवलेलं संध्याकाळपर्यंत टिकतं," म्हणायचे. सांगलीहून आणलेलं दोनशे पानी रजिस्टर होतं, त्यात मी मराठीतच लिहायचो. इंग्रजीत लिहिताना माझं ऑफिस सुरू व्हायचं. मराठीत लिहिलं की 'हा बोल्ट हलकट आहे' असंही लिहिता येतं. तसं लिहिलेलंही आहे, पान १७.

दर रविवारी सकाळी बाबांना फोन. आधी तब्येत, मग पाऊस, मग "काय म्हणतोय तुझा बोकड?" २०१३च्या सुमारास इंजिन जुळवत होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांचं अख्खं आयुष्य टॅपेट सेट करण्यात, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट जुळवण्यात गेलेलं. फीलर गेजची पाती घालायची, नट फिरवायचा, पातं जरा ओढल्यासारखं लागलं की लॉक करायचं. पाँटिअॅकच्या या इंजिनात तसलं काही नाहीच. टॅपेट हायड्रॉलिक, आणि स्टडलाच अशी खांद्यासारखी पायरी दिलेली, की रॉकरचा, म्हणजे झडप दाबणाऱ्या दांडीचा, नट घट्ट करत गेलं की तो तिथे जाऊन अडतो. २० फूट-पाउंड टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, बस्स. सेटिंग नाहीच. पुस्तकात तसं स्पष्ट छापलेलं होतं, तरी माझा विश्वास बसेना. वहीत लिहिलं, '२० फू.पा.' आणि खाली दोन रेघा मारून, 'बाबांना विचारणे'.

विचारलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "गेज न लावता? म्हणजे अंदाजपंचे?" मी पुस्तकातला उतारा वाचून मराठीत समजावला. पुन्हा शांतता. "बनवणाऱ्याने सांगितलंय ना, मग तसं कर. पण गरम झाल्यावर आवाज ऐक. आणि मला पण ऐकव."

ऐकवला. नोव्हेंबरात इंजिन स्टँडवर पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सांगलीत सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी फोन इंजिनवर धरून उभा. सायलेन्सर नव्हता, शेजारच्या घरातले दिवे लागले, आजोबा पायजम्यावर धावत आले. वीस मिनिटांनी इंजिन तापलं, मी ते हळू केलं आणि फोन कानाला लावला. बाबा म्हणाले, "एक बोलतोय. ऐकू येतोय का तुला? डाव्या बाजूचा कुठलातरी." मला काहीही ऐकू येत नव्हतं. आजोबांनी लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक झाकणाला लावून एकेक तपासला. डाव्या ओळीतला दुसरा. टॅपेटमध्ये कचरा अडकला होता. आठ हजार मैलांवरून, साध्या फोनवर, सत्त्याहत्तराव्या वर्षी.

पुढच्या वर्षी बाबा गेले. इंजिन आजोबा २०१८ला. गाडी २०२१च्या मे महिन्यात पूर्ण झाली.

आणि इथून पुढचं सांगायला मला जरा अवघड जातं, कारण लोकांना वेगळं उत्तर हवं असतं. का विकलीस, असं मंडळाच्या गणपतीला निदान तीस जणांनी विचारलं. मी गुडघे सांगितले, घर लहान करायचंय म्हणून सांगितलं, पेट्रोलचं सांगितलं. लिटरला चार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे तेही खोटं नाही. पण खरी गोष्ट अशी, की पूर्ण झाल्यावर मला त्या गाडीचं करायचं काय तेच कळेना. बारा वर्षं संध्याकाळी जेवण झालं की गॅरेजमध्ये जायचो. आता जाऊन काय करू? फडक्याने पुसू? चालवायला काढली तर दुकानाच्या पार्किंगमध्ये अगदी लांबच्या कोपऱ्यात लावायचो, आणि कुणी शेजारी गाडी लावली की आतून काचेतून बघत बसायचो. ढग आले की घरी. मिशिगनमध्ये अशा गाडीला 'हिस्टॉरिक' पाटी मिळते. मग ती परेड, प्रदर्शन असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, ऑगस्टमध्ये मात्र महिनाभर मोकळीक. त्या मोकळ्या महिन्यांतसुद्धा तीन वर्षांत मिळून हजार मैल झाले नाहीत. चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचे मागचे दोन रुंद घसे उघडले की खालून जो हुंकार येतो, तो मी मोजून सहा वेळा ऐकला असेन. प्रत्येक वेळी मजा वाटण्याआधी मनात आलं, गॅस्केट धरेल ना?

बायकोला हे माझ्याआधी कळलं होतं. एकदा रात्री गॅरेजमध्ये येऊन बघते तो मी एक चांगला, व्यवस्थित बसलेला विंडशील्ड वायपर खोलून बसलो होतो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जाहिरात दे."

जाहिरातीला उत्तरं आली ती नमुनेदार होती. एकाने गाडी न बघता मेसेजवर निम्म्या किमतीला मागितली, "आजच्या आज रोख" असं म्हणून. एकाने पन्नास फोटो मागवले आणि नंतर कळवलं की त्याला लालच हवी होती. एक गृहस्थ मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन आले आणि मागच्या पंखांवरून ते असं फिरवू लागले, जणू डॉक्टर पोट तपासतोय. चुंबक चिकटलं नाही तर खाली लांबी आहे असं समजायचं. सगळीकडे चिकटलं. मग त्यांचा चेहराच पडला, कारण आता भाव पाडायला मुद्दा उरला नव्हता. जाताना म्हणाले, "इंजिन मॅचिंग असतं ना, तर घेतली असती." मित्र म्हणत, गाडी विकणं म्हणजे मुलीची पाठवणी. मला मुलगी आहे, तिचं लग्नही झालंय. कुणी तिच्या अंगावरून चुंबक फिरवलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये टोलीडोहून एक बाई आल्या. पासष्टीच्या, उंच, आखूड पांढरे केस, खिशात बॅटरी. नवरा बरोबर होता, पण तो पिकअपमध्येच शब्दकोडं सोडवत बसला. शाळेच्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे डेपोतल्याच म्हणायच्या. त्यांनी आधी रंग बघितला नाही, कागद मागितले नाहीत. बॉनेट उघडलं, ऑइलची दांडी काढली, वास घेतला, बोटांत ऑइल चोळून बघितलं आणि मला विचारलं, "हिला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं नीट आहे."

"मग मी एवढ्या लांब कशाला आले?" त्या हसत म्हणाल्या. पण त्यांना उत्तर हवंच होतं.

मग मी सांगायला लागलो. डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद आहे. कधीपासून? बहुधा निक्सनच्या काळापासून. डाव्या दाराची काच थंडीत अडते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि जोरात दाबले तर गाडी किंचित डावीकडे ओढते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, गाडी चालवताना हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडे धरायचा. ऑइल जस्त असलेलंच वापरा, नाहीतर कॅम खराब होईल. इंजिन मूळचं नाही. ते जाहिरातीत वाचलंय, त्या म्हणाल्या, पुढे सांगा. मी पुढे सांगत गेलो. अर्धा तास झाला असेल. बायको चहा घेऊन आली तर मी त्यांना पान १७वरच्या बोल्टची गोष्ट सांगत होतो.

चालवून आल्या तेव्हा त्यांनी ब्रेकबद्दल एवढंच म्हटलं, "डावीकडचा शू मी घरी गेल्यावर बघते." 'घरी गेल्यावर' म्हणाल्या. मी ३९,००० म्हटलं होतं, त्या ३६,००० म्हणाल्या, मी ३६,५००वर आलो. माझा खर्च ४३,००० झाला होता आणि तिथेच मी बेरीज थांबवली होती. बाराही वर्षांची मजुरी शून्य धरून.

बँकेत जाऊन त्यांनी कॅशियर्स चेक दिला, मी टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही केली. इथे नंबरप्लेट मालकाची असते, गाडीबरोबर जात नाही. म्हणून घरी येऊन मी ती स्वतःच्या पेचकसाने काढली. मग फाइल दिली: कारखान्याची बिलं, सुट्या भागांच्या पावत्या, फोटो. कामाच्या टेबलावर रजिस्टर पडलं होतं. त्यांनी ते उघडलं.

"हे या गाडीचं आहे?"

"हो. पण मराठीत आहे. तुम्हाला उपयोग नाही."

त्यांनी पानं उलटली. मध्ये माझ्या हाताच्या आकृत्या होत्या, बाण होते, ग्रीसचे ठसे. "आकडे तरी कळतील," त्या म्हणाल्या, आणि मग जवळून बघितलं, तर आकडेही मराठीच. दोघंही हसलो. मी पहिल्या पानावर शून्य ते नऊ असा तक्ता लिहून दिला, खाली त्यांचे आकडे. रजिस्टर द्यायचं आधी ठरवलं नव्हतं. मुलीने मागच्याच वर्षी सगळी पानं स्कॅन केली होती, म्हणून हिंमत झाली असेल. बोकड ट्रेलरवर चढला तेव्हा मी मागची साखळी ओढून बघत होतो, त्यामुळे निरोपाचं असं काही झालं नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या कडेला दसऱ्याचं कुंकू राहिलं होतं, ते पुसायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी टोलीडोहून फोटो आला. वहीचं पान. खाली लिहिलं होतं: तक्त्यावरून २० लावला, रॉकरचा टॉर्क ना? पण त्याखाली दोन रेघा मारून काय लिहिलंय? दुसरा टॉर्क आहे का?

फोटोत माझंच अक्षर होतं. 'बाबांना विचारणे'. मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं: दुसरा आकडा नाही. गरम झाल्यावर आवाज ऐका, असं लिहिलंय.

तासाभराने व्हिडिओ आला. अनोळखी गॅरेज, उघडं बॉनेट, फिकट निळं इंजिन, कडेला त्यांच्या नवऱ्याची चप्पल. मी टीव्ही बंद करायला सांगितला, आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन कानाला लावला. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. बायको म्हणाली, "काय झालं?"

"थांब," मी म्हणालो. "डाव्या बाजूचा बोलतोय. मागून दुसरा असावा."